‘काका, ओरडताय कशाला?’ – मेसेजमधल्या कॅपिटल अक्षरांचं काय करायचं

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहाटे पावणेसहाला आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. भाषा मराठी, लिपी इंग्रजी आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं कॅपिटल. आज नळ येणार नाहीत, नर्मदेची लाईन फुटली आहे, टाकीतलं पाणी जपून वापरा, गाड्या धुऊ नका. पाठवणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका, वय एक्क्याऐंशी. आमच्याकडे इंदुरात एक दिवसाआड नळ येतात. एक पाळी हुकली की चार दिवसांचा खाडा. त्यामुळे काकांनी उजाडायच्या आत कळवलं हे उपकारच होते. पण पाचव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मुलाने खाली लिहिलं, “काका, ओरडताय कशाला? आम्ही गाडी धुतच नाही.” त्यावर दोघांनी हसरे चेहरे टाकले. साडेसहाला काका ग्रुपमधून बाहेर.

ग्रुपची अॅडमिन मी. संध्याकाळी वाटीभर भुट्ट्याचा कीस घेऊन त्यांच्याकडे गेले. काका खरोखरच दुखावले होते. “अगं, ओरडलो कुठे मी? सगळ्यांना स्वच्छ दिसावं म्हणून मोठं लिहिलं.” नोकरीभर ते तारघरात टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेचा मजकूर टाइप करून पाठवणाऱ्या यंत्रावर होते. “आमच्या मशीनला छोटी अक्षरं नव्हतीच. मग काय आम्ही आयुष्यभर ओरडतच बसलो होतो?”

त्या मुलाशीही बोलले. तोही खोटं बोलत नव्हता. लहानपणापासून तो ज्या पडद्यावर वाचतोय तिथे कॅपिटल म्हणजे चढलेला आवाज. म्हणजे दोघांनी एकच मेसेज वाचला आणि दोघांना दोन वेगळे आवाज ऐकू आले. त्यानंतर ग्रुपसाठी मी काही गोष्टी लिहून काढल्या, त्याच इथे जरा ऐसपैस मांडते.

एक अडचण आधीच सांगून टाकते. हा लेख देवनागरीत आहे, त्यामुळे कॅपिटलची उदाहरणं मला कॅपिटलमध्ये लिहून दाखवताच येत नाहीत. आपल्या ‘क’ला थोरला भाऊ नाही. आणि खरं तर सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

ही सवय आली कुठून

देवनागरीत वाक्याच्या सुरुवातीचा ‘क’, आडनावातला ‘क’ आणि कृष्णाच्या नावातला ‘कृ’ एकाच मापाचे. मोडीतही तेच. त्यामुळे मराठी माणसाची कॅपिटलशी गाठ पडते ती शाळेत ‘मोठी एबीसीडी’ गिरवताना आणि नंतर थेट खिडकीवर. रेल्वेच्या आरक्षणाचा फॉर्म घ्या, पॅन कार्डाचा अर्ज घ्या, नाव ठळक मोठ्या अक्षरांत भरायचं असतं. काकांच्या पिढीने यातून एक धडा घेतला: कॅपिटल म्हणजे नीटनेटकं, समोरच्या कारकुनाला त्रास न देणारं अक्षर. म्हणजे सौजन्यच की.

त्यात काकांचं टेलिप्रिंटर. त्या यंत्राच्या सांकेतिक लिपीत प्रत्येक अक्षराला पाच जागा, आणि प्रत्येक जागी खूण एक तर असते किंवा नसते. अशा पाच जागांच्या होतात एकूण ३२ जुळण्या. त्यांतल्या २६ अक्षरांत गेल्या, उरलेल्यांत मोकळी जागा, ओळ बदलणं, अक्षरांवरून आकड्यांवर जाणं असली कामं. छोट्या अक्षरांसाठी जागाच उरली नाही. तारेच्या मोर्स लिपीतल्या कट्ट-कडकट्टमध्येही मोठ्या-छोट्याचा भेद नाही. संगणकांसाठी १९६३ मध्ये जी आस्की नावाची प्रमाण अक्षरसूची आली, तिच्या पहिल्या आवृत्तीतही छोटी अक्षरं नव्हती. ती १९६७ च्या आवृत्तीत आली. म्हणजे बराच काळ कॅपिटलमध्ये लिहिणं ही कुणाची निवड नव्हती, यंत्राची मर्यादा होती.

छोटी अक्षरं मिळाल्यावर मात्र मोठ्यांना अर्थ चिकटला. ज्याला दोन आवाज काढता येतात त्याने मोठा काढला की ते मुद्दाम केलेलं वाटतं, तसं. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने ऑनलाइन शिष्टाचाराची एक नियमावली काढली. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की मोठी-छोटी अक्षरं मिसळून वापरा, नुसती मोठी वापरलीत तर ओरडल्यासारखं दिसतं. गंमत म्हणजे हा दुसरा भाग त्यांनी कॅपिटलमध्येच छापला आहे.

आणि जुनी यंत्रं गेल्यावरही सवय न जाणारे आपले काका एकटे नाहीत. अमेरिकेच्या नौदलाने आपल्या अधिकृत संदेशांमधली कॅपिटलची सक्ती २०१३ मध्ये काढली. तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने ११ मे २०१६ पासून छोटी अक्षरं वापरायला सुरुवात केली. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, हे मी काकांना सांगायची गरज नव्हती. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःच्याच पत्त्यावर एक तार केली होती, ती त्यांनी मला दाखवली. अर्थात कॅपिटलमध्ये.

पहिली पायरी: लिपी ठरवा

मेसेज मराठीत असेल तर देवनागरीत लिहा. निम्मं भांडण तिथेच मिटतं, कारण चढवायला आवाजच नसतो. आमच्या इमारतीत मराठी घरं सात, बाकी हिंदी, सिंधी, गुजराती. पण देवनागरी बहुतेकांना वाचता येते, त्यामुळे सूचना हिंदीत असो की मराठीत, लिपी तीच चालते.

अनेकजण अजून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात त्याला एक जुनं कारणही आहे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी मात्र ७०च. तेव्हा देवनागरीत लिहिलं की एकाच्या जागी दोन-तीन एसएमएसचे पैसे जायचे. व्हॉट्सअॅपवर तो हिशेब संपला, बोटांची सवय राहिली.

अँड्रॉइडवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत जाऊन मराठी जोडा. तिथे दोन तऱ्हा दिसतील. एक थेट देवनागरी अक्षरांचा कीबोर्ड, दुसरी इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारी. जुनी सवय असलेल्यांना दुसरी बरी पडते. भाषा बदलायला स्पेसची पट्टी दाबून धरायची किंवा पृथ्वीगोलाच्या खुणेवर टिचकी मारायची. आणि ज्यांना टायपिंगचाच कंटाळा आहे त्यांनी माइकची खूण दाबून सरळ बोलावं. इंदुरी मराठीतलं ‘काय करून राहिलात’ही तो बऱ्यापैकी पकडतो, मी करून पाहिलं आहे.

दुसरी पायरी: जिथे कॅपिटल हवंच, तिथे कंजुषी नको

ओरडणं टाळायचं म्हणून सगळंच छोटं केलं तर नवे घोळ. काही गोष्टी कॅपिटलमध्येच शोभतात, काहींत तर कॅपिटल चुकलं की कामच अडतं.

पॅन क्रमांक म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे आणि पुन्हा एक अक्षर. तो कॅपिटलमध्येच लिहावा. बँकेचा आयएफएससी ११ खुणांचा, पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवी खूण नेहमी शून्य. इथे सांभाळा, कारण कॅपिटल ‘ओ’ आणि शून्य जुळ्या भावंडांसारखे दिसतात. पाचव्या जागी शून्यच आहे हे लक्षात ठेवलं की घोटाळा होत नाही. गाडीचा नंबरही कॅपिटलमध्ये: इंदूरचा एमपी ०९, ग्वाल्हेरचा एमपी ०७. पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत असं ग्रुपवर टाकताना नंबर कॅपिटलमध्ये लिहिला म्हणून कुणी रागावत नाही, उलट मालक पटकन ओळखतो.

पासवर्डचं प्रकरण वेगळं. तिथे मोठं ‘एम’ आणि छोटं ‘एम’ ही दोन वेगळी अक्षरं. पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड पाठवताना फोन पहिलं अक्षर आपोआप मोठं करून टाकतो आणि मग पाहुणे म्हणतात, “तुमचं नेट चालत नाही.” पाठवण्याआधी तेवढं पहिलं अक्षर तपासा. फोनवर तोंडी सांगत असाल तर प्रत्येक अक्षरामागे ‘मोठं’ किंवा ‘छोटं’ लावून सांगा.

जीमेलच्या पत्त्यात मोठं-छोटं काहीही चालतं. ज्येष्ठ मंडळी तिथे उगाच घाबरतात. लिंकचं मात्र उलट आहे. संकेतस्थळाच्या नावापुढचा जो लांबलचक भाग असतो, त्यात मोठ्या-छोट्याने फरक पडू शकतो. यूट्यूबच्या व्हिडिओची लिंक बघून-बघून हाताने टाइप केली आणि एक अक्षर मोठ्याचं छोटं झालं की व्हिडिओ उघडणार नाही. लिंक कॉपीच करावी.

तिसरी पायरी: इंग्रजी अक्षरांतलं मराठी

हा आपला खास मामला. इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी केलेले नियम इथे पुरत नाहीत.

साधा नियम असा ठेवा: वाक्याचं पहिलं अक्षर मोठं, माणसांची आणि गावांची नावं मोठ्याने सुरू, बाकी सगळं छोटं. मला आलेल्या मेसेजमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलेलं बऱ्याचदा दिसतं. ते ओरडणं वाटत नाही, पण दुकानाच्या पाटीसारखं दिसतं आणि वाचताना डोळा प्रत्येक शब्दाला ठेचकाळतो.

आता मधल्या कॅपिटलचं. काही जण शब्दाच्या मध्येच एखादं अक्षर मोठं लिहितात आणि नव्या मुलांना ती चूक वाटते. ती नेहमीच चूक नसते. देवनागरी रोमन अक्षरांत लिहिण्याची आयट्रान्स नावाची एक जुनी पद्धत आहे. तिच्यात छोट्या ‘एन’चा न, मोठ्या ‘एन’चा ण, छोट्या ‘एल’चा ल, मोठ्याचा ळ, छोट्या ‘टी’चा त, मोठ्याचा ट. म्हणजे नल आणि नळ, मन आणि मण, माती आणि माटी यांतला फरक एका कॅपिटलवर टांगलेला. ज्यांनी संगणकावर मराठी टाइप करायला त्या पद्धतीने सुरुवात केली त्यांच्या बोटांत हे अजून आहे. मेसेजमध्ये याची गरज नाही, संदर्भाने कळतंच. पण एखाद्या ताईंनी ‘नळ’मधला ‘एल’ मोठा लिहिला तर त्या ओरडत नाहीयेत, ळ म्हणतायत, एवढं समजून घ्या.

पूर्ण कॅपिटलमधलं रोमन मराठी मात्र खरोखर वाचवत नाही. छोट्या अक्षरांना चढ-उतार असतात, कुणाची दांडी वर जाते, कुणाची शेपटी खाली. कॅपिटलमध्ये सगळी एका उंचीची, रांगेत उभ्या केलेल्या शिपायांसारखी. इंग्रजी शब्द निदान ओळखीचा असतो. रोमनमधलं मराठी आधीच फोडून वाचावं लागतं, त्यात ही भिंत. शिवाय फोन मोठ्याने वाचून दाखवणारी सोय जे वापरतात, त्यांच्याकडे कॅपिटलमधला छोटा शब्द कधीकधी संक्षेप समजून एकेक अक्षर सुटं वाचला जातो.

चौथी पायरी: जोर द्यायचाच असेल तर

जोर देण्याची गरज खरी असते. पाणी येणार नाही हे सातव्या मजल्यापर्यंत पोचायलाच हवं. प्रश्न आहे तो कुठे आणि किती.

व्हॉट्सअॅपवर शब्दाच्या अलीकडे आणि पलीकडे ताऱ्याची खूण (*) घातली की शब्द ठळक होतो. खूण आणि अक्षर यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची नाही, सोडली तर नुसते तारे दिसतात. हे देवनागरीतही चालतं. विभक्तीचा प्रत्यय ठळक भागातच घ्या, म्हणजे ‘गुरुवारपर्यंत’ अख्खा ठळक.

पण ठळक काय करायचं ते निवडा. माझा अंदाज असा की एका मेसेजमध्ये दोन जागी ठळक करावं, फार तर तीन. बहुतेक वेळा तिथे मुख्य बातमी, तारीख, वेळ किंवा रक्कम असते. अख्खा मेसेज ठळक करणं म्हणजे देवनागरीतलं कॅपिटलच झालं.

काकांचाच मेसेज घ्या. मी तो त्यांच्यासमोर बसून असा लिहिला:

“नमस्कार. आज सकाळी *नळ येणार नाहीत*. नर्मदेची लाईन दुरुस्तीला आहे. टाकीत अंदाजे *उद्या दुपारपर्यंत* पुरेल एवढं पाणी आहे. गाड्या आज धुऊ नयेत ही विनंती. नवीन काही कळलं तर कळवतो.”

मुख्य गोष्ट पहिल्याच ओळीत आली, त्यामुळे मेसेज न उघडता वरच्या वर दिसणाऱ्या पट्टीतही ती वाचता येते. हे कॅपिटलपेक्षा जास्त उपयोगी आहे. माणसं मेसेज उघडतात की नाही यावर आपला ताबा नाही, पहिल्या ओळीवर आहे. आणि ‘धुऊ नका’चं ‘धुऊ नयेत ही विनंती’ झालं. काका म्हणाले, “एवढी मखलाशी?” पण लिहून घेतलं.

खरोखर तातडीचं असेल, म्हणजे लिफ्टमध्ये कुणी अडकलंय किंवा गॅसचा वास येतोय, तर मेसेजवर विसंबूच नका. फोन करा, दार वाजवा.

देवनागरीत ओरडता येत नाही असं नाही

कॅपिटल नसलं तरी आपण काही मुके नाही. उलट मराठीत आवाज चढवायच्या इतक्या आडवाटा आहेत की इंग्रजीवाले थक्क व्हावेत.

उद्गारचिन्हांची माळ ही सगळ्यात उघड. एक पुरतं. चार झाली की बोट रोखल्यासारखं वाटतं. लाल रंगाचे भोंगे आणि इशाऱ्याचे त्रिकोण, त्यांचंही तेच.

त्याहून बोचरा असतो तो कचेरीचा सूर. ‘कृपया नोंद घ्यावी’, ‘सर्व सभासदांना सक्त सूचना’, ‘अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल’. एकही अक्षर मोठं नाही, तरी वाचणाऱ्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटतं. मेंटेनन्स थकला आहे त्याला एकट्याला मेसेज करून “वहिनी, या महिन्याचे राहिलेत वाटतं, जमेल तेव्हा बघाल का?” असं विचारलं तर बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी पैसे येतात. ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकली तर वर्षभर जिन्यात कुणी बोलत नाही. अनुभवाचे बोल आहेत.

आणि सर्वनाम. नेहमी ‘अगं’ म्हणणाऱ्या मावशींनी अचानक ‘आपण कळवावे’ असं लिहिलं तर समजावं, काहीतरी बिनसलंय. त्या आदराने फक्त अंतर वाढतं. तसंच ‘ठीक आहे’ आणि पुढे ठसठशीत पूर्णविराम. काकांच्या पिढीला पूर्णविराम म्हणजे फक्त वाक्य संपलं. माझ्या भाचीला तो दार आपटल्यासारखा ऐकू येतो. कॅपिटलचंच भांडण, फक्त उलट्या बाजूने: इथे मोठी माणसं निरागस असतात आणि लहानांना लागतं. मला विचाराल तर पूर्णविरामावर रुसणं जरा अतिच आहे, पण भाचीपुढे मी हे म्हणत नाही.

पाचवी पायरी: फोन आणि संगणक सरळ करा

अर्ध्या वेळा कॅपिटल हे चुकून झालेलं असतं. फोनच्या कीबोर्डवर वर जाणाऱ्या बाणाची कळ दोनदा पटकन दाबली गेली की कॅपिटल कुलूपबंद होतं. पुन्हा एकदा दाबलं की सुटतं. आयफोनमध्ये हे दुहेरी दाबणं सेटिंगमधल्या ‘जनरल’खालच्या ‘कीबोर्ड’मध्ये जाऊन कायमचं बंदही करता येतं. पहिलं अक्षर आपोआप मोठं होण्याची सोय त्याच पानावर आहे. जीबोर्डमध्येही ती सेटिंगमध्ये सापडते. ती चालूच ठेवावी असं माझं मत.

काकांचं खरं दुखणं मात्र वेगळं निघालं. त्यांना स्वतःचंच छोटं अक्षर दिसत नव्हतं. मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया झाली होती, दुसरी व्हायची होती. ते मोठं लिहीत होते ते स्वतःला वाचता यावं म्हणून. यावर उपाय कॅपिटल नाही, फॉन्टचा आकार. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स’मध्ये गेलं की फॉन्टचा आकार मोठा करता येतो, आणि फोनच्या ‘डिस्प्ले’मध्ये अख्ख्या फोनचा. दोन्ही केलं. घरातल्या ज्येष्ठांचे मेसेज कॅपिटलमध्ये येत असतील तर शिष्टाचार शिकवण्याआधी हे तपासा.

संगणकावर आधीच सगळं कॅपिटलमध्ये टाइप झालं असेल तर पुन्हा लिहीत बसू नका. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मजकूर निवडून शिफ्ट धरून एफ-३ दाबा. दर दाबण्याला तो छोटं, मोठं असं रूप बदलतो. गूगल डॉक्समध्ये ‘फॉरमॅट’, मग ‘टेक्स्ट’, मग ‘कॅपिटलायझेशन’. मंडळाच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये अख्खी कॅपिटल असेल तर ‘प्रॉपर’ नावाचं सूत्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची छोटी करून देतं. फक्त त्याने नावापुढची आद्याक्षरं आणि पदव्या बिघडतात, तेवढ्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात. कोजागरीच्या पासांवर मी एका डॉक्टरीणबाईंची पदवी तशीच छापून टाकली होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण पास परत करताना त्यावर पेनाने दुरुस्ती होती.

पाठवून झाल्यावर

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. मेसेज दाबून धरा, ‘एडिट’ निवडा. त्यानंतर मात्र सगळ्यांकडून काढून टाकणं एवढाच मार्ग, तोही साधारण दोन दिवसांच्या आत. चुकून कॅपिटल गेलं एवढ्यावर मी मेसेज काढत नाही, कारण ‘हा मेसेज काढला गेला’ ही पट्टी मूळ मेसेजपेक्षा जास्त कुतूहल जागवते. खाली एक ओळ टाका: “माफ करा, कळ अडकली होती.” बस.

रागाच्या भरात मुद्दाम कॅपिटल लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. त्या १९९५ च्या नियमावलीत भावनेच्या भरातल्या उत्तरासाठी एक रात्र थांबा असं सांगितलं आहे. रात्र फार होते, तर निदान चहा होईपर्यंत थांबा.

समोरून कॅपिटल आलं तर

आधी पाठवणारा कोण ते बघा. साठीच्या पुढची व्यक्ती, नेहमीच कॅपिटलमध्ये लिहिते, मजकूर साधा: ते ओरडणं नाही, त्यांचं अक्षर आहे. तसंच वाचा. नेहमी छोट्यात लिहिणाऱ्याने एकच वाक्य अचानक कॅपिटलमध्ये लिहिलं असेल, तर मात्र ते ऐका. तिथे सवय मोडली आहे, म्हणजे काहीतरी सांगायचंय.

सांगायचंच असेल तर ग्रुपवर कधीही नाही. पाचव्या मजल्यावरच्या त्या मुलाची चूक तेवढीच होती. एकट्याला, आणि शक्यतो समोर किंवा फोनवर. आणि ‘असं लिहू नये’ असं न म्हणता कारण सांगावं: “काका, हल्लीच्या मुलांना मोठी अक्षरं म्हणजे रागावलेलं वाटतं. तुम्ही रागावला नव्हतात ना?” यावर काका नक्की म्हणतील, “छे!” मग पुढचं सोपं जातं.

आणखी एक, मुख्यतः ज्येष्ठांसाठी. एक अक्षर मोठं, एक छोटं, पुन्हा एक मोठं असं नागमोडी लिहिलेलं दिसलं तर ती फोनची गडबड नाही. २०१७ च्या सुमारास पसरलेली ती वेडावून दाखवण्याची रीत आहे. आपलंच वाक्य आपल्याला तोंड वाकडं करून परत ऐकवलंय असं समजा. नातवंडांनी मोठ्यांना असं लिहू नये, एवढा नियम घरात असावा.

कार्यालयात

इथे थोडक्यात. ईमेलचा विषय कॅपिटलमध्ये नको. ‘अर्जंट’ हा शब्द तर मोठ्या किंवा छोट्या, कुठल्याच अक्षरांत विषयात नको. त्याऐवजी काय हवं आणि केव्हापर्यंत हे लिहा. समोरच्याचं नाव मात्र मोठ्या अक्षराने सुरू झालंच पाहिजे. हल्ली नवी मुलं सगळंच छोट्यात लिहितात, स्वतःचं नावसुद्धा. त्यांच्यात ते सहज, अघळपघळ वाटतं. पण साहेबांचं आडनाव छोट्या अक्षराने सुरू केलेलं पत्र बाहेर गेलं तर त्यांना ते हातात हात न देता खिशात ठेवल्यासारखं लागतं.

जिथे ओरडलेलं चालतं

वाढदिवस, बारावीचा निकाल, भारत जिंकला. इथे कॅपिटल, दहा उद्गारचिन्हं, ताणलेली अक्षरं, सगळं माफ. आनंदाने ओरडणाऱ्याला कुणी ‘हळू बोल’ म्हणत नाही. सानंद या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाची तिकिटं हाती आली की आमच्या ग्रुपवर जे होतं, त्याला कुठलाच नियम लागू नाही.

रक्ताची गरज आहे अशा मेसेजचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते जवळजवळ नेहमी अख्खे कॅपिटलमध्ये येतात आणि नेमकी माहिती त्यातच बुडते. रक्तगट तेवढा कॅपिटलमध्ये, आणि त्यापुढचं पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह चिन्हाने न दाखवता शब्दात लिहा, कारण पुढे पाठवताना वजाबाकीची बारीक खूण नजरेतून सुटते. मग किती युनिट, कोणतं रुग्णालय, कोणता भाग, संपर्क कुणाचा. आणि सगळ्यात वर आजची तारीख आणि वेळ. तारीख नसलेला असा मेसेज महिनोन्महिने फिरत राहतो आणि रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावरही नातेवाइकांचा फोन वाजतच राहतो. गरज भागली की ज्या-ज्या ग्रुपवर टाकलं होतं तिथे त्याच मेसेजला उत्तर म्हणून लिहा: “रक्त मिळालं. कृपया पुढे पाठवू नये. आभार.” हे छोट्या अक्षरांत लिहिलं तरी सगळे वाचतात.